व्यावसायिक अर्हता, ब्रिटनमधील
एखाद्या व्यवसायात काम करण्यास आवश्यक असलेले ज्ञान व कौशल्य उमेदवाराने संपादन केले आहे, असे परीक्षा घेऊन किंवा प्रत्यक्ष काम पाहून मान्यताप्राप्त संस्थेने दिलेले प्रमाणपत्र म्हणजे व्यावसायिक अर्हता होय. मालकाला उमेदवाराची पारख करण्यास आणि कामगाराला एका नोकरीतून दुसरीत जाण्यास ती उपयोगी पडते. हे दोन्ही हेतू नेहमी एकमेकांशी जुळतातच असे नाही. ब्रिटनमध्ये या अर्हतांमध्ये वेळोवेळी ज्या सुधारणा झाल्या, त्यांच्या मुळाशी हीच अडचण आढळते.

इंग्लंडमध्ये १५६३ च्या कारागीरविषयक अधिनियमाने अनेक धंद्यांसाठी किमान सात वर्षांची शिकाऊ उमेदवारी आवश्यक ठरविली होती. औद्योगिक क्रांतीच्या काळात ही अट कारखानदारांना जाचक वाटू लागली व १८१४ मध्ये ती रद्द झाली. पुढे १८६७ च्या पॅरिस येथील आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात ब्रिटिश मालाची पीछेहाट जाणवल्यावर तांत्रिक शिक्षणाची मागणी वाढली. लंडन शहराचे महामंडळ आणि तेथील सोळा जुने व्यवसायसंघ यांनी १८७८ मध्ये ‘सिटी अँड गिल्ड्स ऑफ लंडन इन्स्टिट्यूट’ ही संस्था स्थापन केली. दिवसा काम करून रात्रीच्या वर्गांत शिकणाऱ्या कारागिरांना तिच्या परीक्षांचा मोठा आधार मिळाला.

दुसऱ्या महायुद्धानंतर वेगळाच प्रश्न पुढे आला. प्रशिक्षणाचा खर्च एका कारखान्याने करावयाचा आणि तयार झालेला कामगार दुसऱ्याने अधिक वेतन देऊन न्यावयाचा, असे होऊ लागले. त्यावर उपाय म्हणून १९६४ च्या औद्योगिक प्रशिक्षण अधिनियमान्वये उद्योगवार मंडळे स्थापण्यात आली. मालकांकडून अधिभार घेऊन प्रशिक्षण देणाऱ्यांना अनुदान देणे, हे त्यांचे कार्य होते. १९८० नंतरच्या दशकात यांतील बहुतेक मंडळे बरखास्त झाली.

दरम्यान प्रमाणपत्रे देणाऱ्या संस्था व त्यांच्या अर्हता इतक्या वाढल्या, की त्यांचा परस्परसंबंध कळणे कठीण झाले. म्हणून १९८६ मध्ये राष्ट्रीय व्यावसायिक अर्हता परिषद स्थापन झाली. तिने आखलेल्या अर्हतांच्या पाच पातळ्या होत्या. प्रत्येक व्यवसायातील कामांचे बारीक घटक पाडून, उमेदवार ती कामे करू शकतो की नाही, एवढेच तपासले जाई. त्याने ती कोठे व किती काळात शिकली, याला महत्त्व नव्हते. मानके मालकांच्या प्रतिनिधींनी ठरविली असली, तरी त्यांची भाषा अनेक मालकांना दुर्बोध वाटली व कित्येक अर्हतांना फारच थोडे उमेदवार लाभले. शिवाय आजच्या कामाचे तंतोतंत वर्णन करण्याच्या भरात गणित, भाषा व धंद्याची तात्त्विक बाजू यांकडे दुर्लक्ष झाले, अशी टीका झाली.

ॲलिसन वुल्फ यांनी २०११ मध्ये सादर केलेल्या अहवालात हे दुष्परिणाम स्पष्ट झाले. इंग्लंडमधील सोळा ते एकोणीस वयोगटातील किमान ३,५०,००० तरुणांना त्यांच्या शिक्षणातून फारसा लाभ होत नाही, असे त्यांनी दाखवून दिले. चौदा ते सोळा वर्षांच्या मुलांच्या शाळांचे मूल्यमापन करताना तोवर ३,००० हून अधिक व्यावसायिक अर्हता जमेस धरल्या जात. त्यांपैकी केवळ १२५ ठेवण्याचे शासनाने २०१२ मध्ये जाहीर केले. शिकाऊ उमेदवारीची मानके लिहिण्याचे काम मालकांच्या गटांकडे आले. २०१७ पासून ३० लाख पौंडांहून अधिक वार्षिक वेतनखर्च असलेल्या मालकांवर ०·५ टक्के अधिभार बसविण्यात आला. २०२० मध्ये ‘टी लेव्हल’ हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम सुरू झाला; त्यात किमान ४५ दिवस प्रत्यक्ष उद्योगात काम करावे लागते.

जर्मनीत १९६९ च्या व्यवसाय प्रशिक्षण अधिनियमाखालील प्रशिक्षणाचे नियम ठरविताना मालकांबरोबर कामगार संघटनांचाही सहभाग असतो. भारताने २०१३ मध्ये राष्ट्रीय कौशल्य अर्हता चौकट स्वीकारली. तीमधील व्यवसाय मानके व उद्योगवार कौशल्य परिषदा यांचे ब्रिटिश पद्धतीशी साम्य आहे. त्यामुळे ब्रिटनचा अनुभव येथेही उद्‌बोधक ठरतो. मालकाची आजची गरज काही वर्षांत बदलते, तर प्रमाणपत्र कामगाराला दीर्घकाळ उपयोगी पडावे लागते. म्हणून मानके ठरविताना मालकांइतकाच शिक्षक व कामगार यांचाही विचार घेणे आवश्यक असते.