व्यसनमुक्तीच्या उपचारांतील स्त्री : पत्नी ते रुग्ण

प्रस्तावना :
व्यसनमुक्ती केंद्रांत दाखल होणाऱ्यांमध्ये पुरुषांची संख्या फार मोठी असते. त्यावरून हा प्रश्न केवळ पुरुषांचा आहे, असे मानले जाते. उपचारपद्धतीच्या इतिहासात मात्र स्त्री आरंभापासून आढळते. परंतु ती रुग्ण म्हणून नव्हे, तर रुग्णाची पत्नी म्हणून. प्रस्तुत निबंधात या स्थित्यंतराचा मागोवा घेतला आहे.

अमेरिकेतील आरंभ :
१९३५ मध्ये अ‍ॅक्रन येथे बिल विल्सन व डॉ. बॉब स्मिथ यांनी ‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’ची स्थापना केली. या चळवळीच्या १९३९ मधील ग्रंथात पत्नींना उद्देशून एक स्वतंत्र प्रकरण असून तेही विल्सन यांनीच लिहिले होते. मद्यपी तो पती आणि सोसणारी ती पत्नी, हे त्यामागील गृहीतक होय. त्याच वर्षी चळवळीत आलेल्या मार्टी मान यांनी या गृहीतकाला छेद दिला. स्वतः मद्यासक्तीतून बाहेर पडलेल्या मान यांनी १९४४ मध्ये लोकशिक्षणासाठी संस्था स्थापन करून मद्यासक्ती हा आजार आहे, हा विचार रुजविला.

महाराष्ट्रातील वाटचाल :
पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांच्या पुढाकाराने ‘मुक्तांगण’ सुरू झाले. एका स्त्री मनोविकारतज्ज्ञाने उभारलेल्या या केंद्रात रुग्णांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ गट चालविला गेला. व्यसनी स्त्रियांसाठी ‘निशिगंध’ हा स्वतंत्र विभाग मात्र २००९ मध्ये सुरू झाला. दोहोंमधील २३ वर्षांचे अंतर बोलके आहे.

कारणमीमांसा :
२०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार भारतात मद्यपानाचे प्रमाण पुरुषांत २७.३ टक्के, तर स्त्रियांत १.६ टक्के होते. परंतु केवळ या तफावतीने उपचारांतील अंतराचा उलगडा होत नाही. व्यसनी पुरुषाला बहुधा पत्नी वा आई उपचारासाठी घेऊन येते. व्यसनी स्त्रीला मात्र घराण्याच्या अब्रूपायी घरातच दडविले जाते. मुलांना कोणाकडे ठेवावे, हाही प्रश्न असतोच. शिवाय शरीरातील पाण्याचे प्रमाण कमी असल्याने तेवढ्याच मद्याचा परिणाम तिच्यावर अधिक होतो. म्हणजे जिला उपचार लवकर हवेत, तीच उशिरा पोहोचते.

निष्कर्ष :
केंद्रांतील स्त्रियांची अल्प संख्या हे केवळ व्यसनाच्या अल्प प्रमाणाचे द्योतक नव्हे. उपचाराचे दार तिच्यासाठी किती उघडे होते, याचेही ते मोजमाप आहे. पतीचा हात धरून केंद्रात येणाऱ्या स्त्रीस समाजाने कर्तव्यदक्ष म्हटले. स्वतःसाठी येणाऱ्या स्त्रीस तोच आदर लाभल्याशिवाय हे स्थित्यंतर पूर्ण होणार नाही.