गुणपत्रक, अमेरिकी प्रवेशासाठीचे
अमेरिकेतील पदवीपूर्व प्रवेशासाठी नववी ते बारावी या चारही इयत्तांचे गुण कळवावे लागतात. रत्नागिरीलगतच्या मिरजोळ्यातील विद्यार्थ्याची दहावी-बारावीची गुणपत्रके राज्य मंडळाच्या कोकण विभागाची असतात. नववीचा निकाल शाळेचा, अकरावीचा कनिष्ठ महाविद्यालयाचा. म्हणजे सही-शिक्क्यासाठी दोन दारे. नववीचे प्रगतिपुस्तक बहुधा पोटमाळ्यावरच्या ट्रंकेत सापडते.

अनेक अमेरिकी महाविद्यालयांसाठी १९७५ पासून चालत आलेल्या ‘कॉमन ॲप्लिकेशन’ या सामायिक अर्जामध्ये गुण मूळ पद्धतीनेच भरायचे असतात. टक्क्यांचे रूपांतर चारपैकी श्रेणिगुणांत (जीपीए) स्वतः करू नये. हा मोह फार जणांना होतो आणि तोच घातक, कारण इथे ३५ला उत्तीर्ण व ७५ला विशेष प्रावीण्य. अमेरिकी शाळेत ७५ म्हणजे जेमतेम ‘सी’. दहावीच्या सहा विषयांतील सर्वोत्तम पाचांची टक्केवारीही गोंधळ घालते: सहा विषयांचे गुण ६००पैकी, टक्के मात्र ५००वर. तेव्हा विषयवार गुणच लिहावेत.

अर्जाची मुदत साधारण नोव्हेंबर ते जानेवारी, बारावीची लेखी परीक्षा फेब्रुवारीत. म्हणून प्राचार्यांकडून अपेक्षित गुणांचे पत्र घेतात. मंडळाच्या व्यवहारात असे पत्रच नसल्याने कार्यालयातील कारकुनाला ते समजावण्यात एक दुपार जाते. अंतिम निकाल लागल्यावर त्याचे गुणपत्रक पाठवावे लागते.