पित्ताशय काढल्यानंतरही पोट का बिघडते?

पित्ताशयातील खडे त्रास देऊ लागले की पित्ताशयच काढून टाकणे हा सर्वमान्य उपाय आहे. जर्मन शल्यचिकित्सक कार्ल लांगेनबुख यांनी १८८२ मध्ये बर्लिन येथे ही शस्त्रक्रिया प्रथम केली. भारतात दुर्बिणीद्वारे ती करण्याचा मान मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातील डॉ. तेहेमतन उदवाडिया यांच्याकडे जातो. ते वर्ष होते १९९०. आज रुग्ण बहुधा एक-दोन दिवसांत घरी परततो आणि बहुतेकांचा त्रास तिथेच संपतो. काहींच्या बाबतीत मात्र जुलाब, पोटफुगी, अपचन किंवा उजव्या बरगडीखालची वेदना महिनोन्‌महिने टिकते. वेगवेगळ्या अभ्यासांत असे रुग्ण ५ टक्क्यांपासून ४० टक्क्यांपर्यंत आढळतात. किरकोळ अपचनापासून पित्तनलिकेच्या इजेपर्यंत सर्व तक्रारी एकाच नावाखाली मोजल्या जात असल्याने ही तफावत दिसते.

मराठी रुग्णांच्या बाबतीत या गोंधळात भाषेचीही भर पडते. ‘पित्त झाले’ असे आपण म्हणतो तेव्हा बहुधा जठरातील आम्लामुळे होणारी जळजळ अभिप्रेत असते. अंगावर उठणाऱ्या गांधींनाही पित्तच म्हटले जाते. यकृतात तयार होणारा, स्निग्ध पदार्थ पचवण्यास मदत करणारा हिरवट-पिवळा पित्तरस ही या दोहोंहून निराळी गोष्ट आहे. पित्ताशय गेले म्हणजे ‘पित्ताचा त्रास’ जाईल, अशी अपेक्षा ठेवणाऱ्याची आंबट ढेकरांनी निराशा होते, ती यामुळेच. आम्लपित्त, जठरातील व्रण किंवा आतड्यांची अतिसंवेदनशीलता हे विकार शस्त्रक्रियेपूर्वी असतील, तर ते नंतरही राहतात.

पित्ताशय पित्त तयार करत नाही, ते केवळ साठवते. यकृत दिवसाकाठी साधारण अर्धा ते एक लिटर पित्त निर्माण करते आणि पित्ताशयात त्यातील सुमारे ३० ते ५० मिलिलिटर आटवून ठेवले जाते. स्निग्ध अन्न लहान आतड्यात पोहोचताच पित्ताशय आकुंचन पावते आणि हा साठा एकदम बाहेर पडतो. ही पिशवी नसली की पित्त दिवसरात्र थोडे थोडे आतड्यात झिरपत राहते. एरवी पित्तातील सुमारे ९५ टक्के आम्ले लहान आतड्याच्या शेवटच्या भागात शोषली जाऊन यकृताकडे परततात. हे शोषण अपुरे पडले तर ती मोठ्या आतड्यात उतरतात, तेथे पाणी सुटते आणि पातळ शौचास होते. न्याहारीनंतर लगेच, थोपवता न येणारी घाई हे या जुलाबांचे ठळक लक्षण होय. अनेकांच्या बाबतीत शरीर काही आठवड्यांत या बदलाशी जुळवून घेते.

जुळवून न घेतल्यास औषध आहे, पण ते पुष्कळ रुग्णांपर्यंत पोहोचतच नाही. प्रतिजैविके आणि जंतांच्या गोळ्यांतच वर्ष निघून जाते. कोलेस्टिरामाइन ही पाण्यात कालवून घ्यायची पूड पित्ताम्लांना आतड्यातच बांधून ठेवते. तिचा गुण आला तर निदानालाही दुजोरा मिळतो. मात्र ती इतर औषधांनाही बांधून ठेवत असल्याने थायरॉइडच्या किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या तिच्या किमान एक तास आधी अथवा चार ते सहा तासांनंतर घ्याव्या लागतात. दीर्घकाळ घेतल्यास अ, ड, ई आणि के या जीवनसत्त्वांची उणीव निर्माण होऊ शकते. मधुमेही रुग्णांनी आणखी एक शक्यता डॉक्टरांकडून तपासून घ्यावी: मेटफॉर्मिननेही जुलाब होतात.

आहाराबाबत, तेल-तूप जन्मभर वर्ज्य करण्याची बहुतेकांना आवश्यकता नसते. स्निग्धांश एकाच जेवणात न घेता दिवसभरात विभागणे अधिक महत्त्वाचे. दिवसभराच्या उपवासानंतर तूप-दाण्यांची साबुदाण्याची खिचडी, किंवा दिल्लीकडे रिकाम्या पोटी छोले-भटुरे, हे या रुग्णांना हमखास भोवते. इसबगोल आणि ओट्समधील विद्राव्य तंतूंमुळे शौच बांधून येते. हे तंतू हळूहळू वाढवावेत, अन्यथा वाताचा त्रास वाढतो. चहा-कॉफी, तिखट आणि काहींच्या बाबतीत दूध यांचा परिणाम व्यक्तीगणिक बदलतो. त्यामुळे दोन-तीन आठवडे खाणे आणि लक्षणे यांची नोंद ठेवणे उपयुक्त ठरते.

वेदनेचा विचार वेगळा करावा लागतो. पित्ताशय काढताना एखादा खडा मुख्य पित्तनलिकेत राहून गेलेला असू शकतो, क्वचित वर्षांनंतर तेथे नवा तयार होतो. रक्तातील यकृताच्या चाचण्या, सोनोग्राफी आणि गरजेनुसार एमआरसीपी यांतून तो सापडतो व दुर्बिणीद्वारे तोंडावाटे काढता येतो. तपासण्या निर्दोष असूनही वेदना राहिल्यास पूर्वी पित्तनलिकेच्या मुखाशी असलेला झडपवजा स्नायू कापला जाई. अमेरिकेत २१४ रुग्णांवर झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत स्नायू कापलेल्यांपैकी २३ टक्के, तर केवळ नाममात्र प्रक्रिया केलेल्यांपैकी ३७ टक्के रुग्णांना आराम पडला. अशा रुग्णांना ही प्रक्रिया सुचवली गेल्यास दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेणे रास्त ठरते.

डोळे पिवळे होणे, लघवी गडद आणि शौच पांढरट होणे, थंडी वाजून ताप येणे, पाठीकडे सरकणारी तीव्र वेदना, शौचावाटे रक्त, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब किंवा विनाकारण वजन घटणे, यांपैकी काहीही आढळल्यास आहारात बदल करून वाट पाहू नये. ताप आणि कावीळ एकत्र असल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. जाताना शस्त्रक्रियेचा तपशील आणि काढलेल्या पित्ताशयाच्या ऊतितपासणीचा अहवाल सोबत असावा. गंगेच्या खोऱ्यात पित्ताशयाच्या कर्करोगाचे प्रमाण जगातील सर्वाधिक प्रमाणांपैकी एक आहे आणि खड्यांसाठी काढलेल्या पित्ताशयात तो कधीकधी या अहवालातूनच प्रथम उघड होतो.