सांताक्रूझ फक्त मुंबईत नाही! एकाच नावाची शहरं, बेटं आणि नद्या जगभर कशा पसरल्या?

चेंबूरच्या अमर महाल जंक्शनवर रोज हजारो लोक एक नाव वाचतात : सांताक्रूझ-चेंबूर लिंक रोड. बोलताना आपण त्याचं 'एससीएलआर' करून टाकलं. सुमारे साडेसहा किलोमीटरचा हा रस्ता २०१४ च्या एप्रिलमध्ये पूर्ण खुला झाला आणि पूर्व द्रुतगती मार्ग पश्चिम द्रुतगती मार्गाला जोडला गेला. त्याचा दुमजली उड्डाणपूल, रखडलेलं काम, ट्रॅफिक यावर भरपूर बोलून झालंय.

आज बोलूया त्या रस्त्याच्या नावावर. फोनच्या नकाशात नुसतं 'सांता क्रूझ' टाकून बघा. बोलिव्हियातलं सगळ्यात मोठं शहर येतं. कॅलिफोर्नियातलं समुद्रकिनाऱ्याचं शहर येतं. स्पेनच्या कॅनरी बेटांची एक राजधानी येते. अर्जेंटिनात एक आख्खा प्रांत आणि नदी, अ‍ॅरिझोनात दुसरी नदी, गालापागोसमध्ये एक बेट, रिओ दि जानेरोत एक उपनगर आणि गोव्यात पणजीला लागून एक गाव. सगळ्यांचं नाव तेच.

हा योगायोग आहे का? अजिबात नाही. त्यामागे नाव ठेवण्याची एक ठरलेली पद्धत होती.

नावाचा अर्थ काय?

'सांता' म्हणजे पवित्र आणि 'क्रूझ' म्हणजे क्रूस. येशू ख्रिस्ताला ज्या क्रुसावर चढवलं, तो पवित्र क्रूस. हे दोन्ही शब्द स्पॅनिश आणि पोर्तुगीज या दोन्ही भाषांत अगदी सारखेच लिहिले जातात. म्हणून नुसतं नाव बघून ते स्पॅनिश लोकांनी दिलं की पोर्तुगीजांनी, हे सांगता येत नाही. फरक कानाला कळतो. स्पेनमध्ये 'क्रूथ', लॅटिन अमेरिकेत 'क्रूस', पोर्तुगालमध्ये 'क्रूश' आणि आपल्या लोकलच्या घोषणेत 'सांताक्रूझ'.

आपण मराठीत 'क्रूस' म्हणतो तो शब्दही याच पोर्तुगीज शब्दावरून आलाय. पाव, बटाटा, चावी, पगार हे शब्द ज्या वाटेने आले, त्याच वाटेने.

कॅलेंडर बघून नाव ठेवायचे

पंधराव्या-सोळाव्या शतकात स्पेन आणि पोर्तुगालची जहाजं अनोळखी किनाऱ्यांना लागत होती. नवा किनारा, नदीचं मुख, बेट दिसलं की त्याची नोंद करायची आणि नोंद करायची तर नाव हवं. मग बऱ्याचदा त्या दिवशी चर्चच्या कॅलेंडरमध्ये कोणता सण किंवा कोणत्या संताचा दिवस आहे ते बघितलं जायचं. तेच नाव नकाशावर चढायचं.

क्रुसाचे असे दोन मोठे सण होते : ३ मे आणि १४ सप्टेंबर.

याचं सरळ उदाहरण अर्जेंटिनात आहे. १५२० मध्ये फर्डिनांड मॅगेलनचा ताफा दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याने खाली जात होता. हा मॅगेलन मूळचा पोर्तुगीज. आधी पोर्तुगालच्या आरमारातून तो भारतात येऊन गेला होता, मात्र ही मोहीम स्पेनसाठी होती. त्याच्या ताफ्यातलं सांतियागो हे जहाज पुढे टेहळणीला गेलं आणि ३ मे रोजी एका मोठ्या नदीच्या मुखाशी पोहोचलं. दिवस क्रुसाच्या सणाचा, म्हणून नदीचं नाव रिओ सांता क्रूझ. 'रिओ' म्हणजे नदी. पुढे ते जहाज तिथूनच जवळ फुटलं, पण नाव टिकलं. नदीवरून बंदराला नाव मिळालं आणि प्रांतालाही.

ब्राझीलचं तर पहिलं नावच क्रुसावरून होतं. पेद्रो आल्वारिश काब्राल भारताकडे निघाला होता. २२ एप्रिल १५०० ला त्याला वाटेत वेगळीच जमीन दिसली. तिथे लाकडाचा मोठा क्रूस उभारून १ मे रोजी प्रार्थना झाली. त्या जमिनीला आधी 'वेरा क्रूझ' म्हणजे खरा क्रूस आणि मग 'सांता क्रूझ' म्हटलं गेलं. त्यानंतर काब्राल पुढे निघाला आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आपल्याकडे कालिकतला पोहोचला.

पण व्यापाऱ्यांना तिथल्या लाल रंग देणाऱ्या लाकडात रस होता. त्या लाकडाचं नाव ब्राझील. हळूहळू देशाला लाकडाचंच नाव पडलं. जोआंव द बारुश या पोर्तुगीज इतिहासकाराने यावर नाराजी नोंदवून ठेवली आहे. पवित्र क्रुसाचं नाव गेलं आणि कापड रंगवायच्या लाकडाचं राहिलं, हे त्याला पटलं नव्हतं.

वडगाव मावळ, वडगाव शेरी... आणि सांता क्रूझ दि तेनेरिफे

एकच नाव इतक्या ठिकाणी दिल्यावर गोंधळ होणारच. त्यावर उपाय आपल्याला ओळखीचा आहे. महाराष्ट्रात वडगावं किती? मग आपण वडगाव मावळ, वडगाव शेरी, वडगाव बुद्रुक म्हणतो. तसंच तिकडेही मागे शेपूट लावलं गेलं.

कॅनरी बेटांवरचं सांता क्रूझ दि तेनेरिफे, म्हणजे तेनेरिफे बेटावरचं सांता क्रूझ. १४९४ मध्ये आलोन्सो फर्नांदेझ दे लुगो याने तिथे उतरून क्रूस रोवला, अशी त्या शहराच्या स्थापनेची गोष्ट सांगतात.

बोलिव्हियातलं सांता क्रूझ दे ला सिएरा, म्हणजे डोंगररांगेतलं सांता क्रूझ. गंमत म्हणजे आजचं हे शहर सपाट मैदानात आहे. मग डोंगर आला कुठून? १५६१ मध्ये हे शहर वसवणाऱ्या न्युफ्लो दे चावेसचं स्पेनमधलं जन्मगाव याच नावाचं होतं. डोंगर त्या गावाशेजारी आहे. माणूस आला, गावाचं नाव सोबत आलं, डोंगर मात्र स्पेनमध्येच राहिला.

म्हणजे नावं दोन प्रकारांनी पसरली. एक, कॅलेंडर किंवा क्रूस बघून नवं नाव. दोन, आपल्या गावाच्या आठवणीत जुनंच नाव.

दोन नद्या, दोन स्वभाव

अर्जेंटिनाची सांता क्रूझ नदी ३८५ किलोमीटर वाहते. हिमनद्यांचं पाणी साठणाऱ्या अर्जेंटिनो सरोवरातून निघते आणि अटलांटिकला मिळते. १८३४ मध्ये बीगल जहाजाचा कप्तान फिट्झरॉय आणि तरुण चार्ल्स डार्विन या नदीतून होड्या दोरखंडाने ओढत प्रवाहाच्या उलट दिशेने वर गेले होते. शिधा संपत आला आणि सरोवर गाठण्याआधीच त्यांना माघारी फिरावं लागलं. आज डार्विनच्या नावाचं संशोधन केंद्र गालापागोसच्या ज्या बेटावर आहे, त्या बेटाचं नावही सांता क्रूझच.

दुसरी सांता क्रूझ नदी अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनाची. ती तिथे उगम पावते, दक्षिणेला मेक्सिकोत शिरते, वळसा घालते आणि पुन्हा उत्तरेला अमेरिकेत येते. जमिनीखालचं पाणी इतकं उपसलं गेलं की टुसॉन शहरातलं तिचं पात्र बहुतेक काळ कोरडं असायचं. तरीही १९८३ मध्ये याच नदीच्या पुराने शहराचं मोठं नुकसान केलं. २०१९ पासून शहराच्या मध्यभागी प्रक्रिया केलेलं सांडपाणी पात्रात सोडून तिला थोडं वाहतं केलं गेलंय.

आणि कॅलिफोर्नियाच्या सांता क्रूझ शहरातली नदी? तिचं नाव सान लोरेन्सो. शहराला क्रुसाचं नाव, नदीला एका संताचं.

आपल्याकडे नद्यांची नावं अशी फिरत नाहीत असं समजू नका. विदर्भातून तापीला मिळणारी पूर्णा वेगळी, मराठवाड्यात गोदावरीला मिळणारी पूर्णा वेगळी आणि दक्षिण गुजरातमध्ये समुद्राला मिळणारी पूर्णा तिसरीच.

मुंबईत हे नाव कसं आलं?

२३ डिसेंबर १५३४ च्या तहाने गुजरातच्या सुलतान बहादूरशाहने वसई आणि आसपासचा मुलूख पोर्तुगीजांना दिला. त्यात साष्टी बेटही आलं. वांद्र्यापासून वर ठाणे-घोडबंदरपर्यंतचं हे बेट. पोर्तुगीज काळात इथे चर्च उभी राहिली, गावोगावी क्रूस लागले. १७३७ मध्ये मराठ्यांनी साष्टी जिंकली, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. १७७४ च्या शेवटी इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला आणि साष्टी त्यांच्याकडे गेली. राज्यं बदलली, पण इथला ईस्ट इंडियन समाज, त्यांची गावठाणं आणि नाक्यावरचे क्रूस राहिले. सांताक्रूझ हे नाव त्याच वारशातलं.

एससीएलआरच्या वाटेवर मध्ये कुर्ला लागतं. तिथलं जुनं चर्च 'होली क्रॉस' नावाचं आहे. अर्थ तोच : पवित्र क्रूस.

साष्टी या नावाची तर स्वतःची जोडी आहे. गोव्यात मडगाव ज्या तालुक्यात येतं, तो तालुकाही साष्टीच. दोन्ही नावं सहासष्ट गावांवरून आली असं मानलं जातं. पोर्तुगीजांनी दोन्ही ठिकाणी स्थानिक नाव ऐकलं आणि आपल्या पद्धतीने 'साल्सेत' लिहिलं. उत्तरेची साष्टी त्यांना १५३४ ला मिळाली, गोव्याची १५४३ ला. म्हणजे त्यांच्याच राज्यात दोन साल्सेत!

वसईचंही तसंच. पोर्तुगीजांनी तिला 'बासाईं' केलं, इंग्रजांनी 'बसीन'. ब्रह्मदेशातल्या पाथेन शहरालाही इंग्रज बसीनच लिहायचे. त्यामुळे जुन्या कागदात 'बसीन' दिसलं तर आधी बघावं लागतं, गोष्ट वसईची चाललीय की इरावतीच्या काठची. बाजीराव दुसरा आणि इंग्रज यांच्यातला १८०२ चा तह मात्र आपल्या वसईचा.

खालच्या थरातलं नाव

सांता क्रूझ नाव चढलं, तेव्हा त्या जागा बिननावाच्या होत्या का? नव्हत्या. कोलंबसने १४९३ मध्ये कॅरिबियनमधल्या एका बेटाला सांता क्रूझ म्हटलं. तिथले मूळ लोक त्याला 'आय आय' म्हणायचे. पुढे फ्रेंचांनी भाषांतर करून 'सेंट क्रॉय' केलं आणि आज तेच चालतं. पहिलं नाव इतिहासाच्या पुस्तकात गेलं. गोव्यातल्या सांताक्रूझचं जुनं नाव कालापूर, आणि ते मात्र अजून ऐकायला मिळतं.

आपल्या सांताक्रूझ पूर्वेलाही असा खालचा थर आहे. कलिनाच्या बाजूला जमिनीचे कागद काढले की गावाचं नाव येतं 'कोले-कल्याण'. स्टेशनवर ते कुठेच नाही, पण महसुली दफ्तरात पक्कं आहे. आपल्या जुन्या घराचे, गावठाणातल्या जागेचे कागद शोधायचे असतील तर हे नाव माहीत असावं लागतं. नुसतं 'सांताक्रूझ' शोधून काम होत नाही.

चेंबूरच्या बाजूलाही बघा. ट्रॉम्बे म्हणजे तुर्भे. खाडी ओलांडून नवी मुंबईत गेलात की तिथेही तुर्भे आहे. एका तुर्भेचं स्पेलिंग साहेबाच्या तोंडून बदललं, दुसरं तसंच राहिलं. चेंबूर मात्र चेंबूरच राहिलं. काही जण हे नाव चिंबोरीशी, म्हणजे खेकड्याशी जोडतात.

नाव एकाचं, पाणी दुसऱ्याचं

कोणत्या ठिकाणाचं नाव कशाला लागतं, याचा मुंबईला सगळ्यात जवळचा अनुभव २६ जुलै २००५ चा. त्या दिवसाचा '९४४ मिलिमीटर' हा आकडा प्रत्येक मुंबईकराला पाठ आहे. तो आकडा हवामान खात्याच्या सांताक्रूझ केंद्राचा. त्याच काळात कुलाबा केंद्रावर जेमतेम ७३ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. एकाच शहराचे दोन आकडे आणि मध्ये जमीन-अस्मानाचा फरक. म्हणून आजही पावसाची बातमी वाचताना 'मुंबईत इतका पाऊस' यापेक्षा सांताक्रूझ की कुलाबा, हे बघणं महत्त्वाचं.

आणि त्या दिवशी कुर्ला, कलिना, वाकोला बुडवणाऱ्या नदीचं नाव? विहार आणि पवई तलावांचं जादा पाणी घेऊन माहीमच्या खाडीला जाणारी ही नदी जगातल्या इतर सांता क्रूझ नद्यांसारखी क्रुसाच्या नावाची झाली नाही. ती मिठीच राहिली.

सांताक्रूझहून कुर्लामार्गे चेंबूरला निघालात की वाटेत हीच मिठी ओलांडावी लागते. म्हणजे एका टोकाला पाच खंडांत सापडणारं नाव, दुसऱ्या टोकाला फक्त आपल्याकडेच सापडणारं आणि मधून वाहणारी नदी आपल्या नावाची.