पाच व्होल्टची रसद

लढाया, किल्ले आणि तह यांपासून आज जरा बाजूला जाऊ. आजचा विषय आहे तुमच्या-आमच्या घरातलं एक चपटं भोक, म्हणजे यूएसबी पोर्ट. हा विषय आला सुंदरपेरुमाळ कोयिल इथल्या एका श्रोत्यांकडून. कुंभकोणमहून तंजावरला जाणारी पॅसेंजर दारासुरम आणि स्वामीमलै सोडते, आणि पापनाशमच्या आधी हे छोटं स्टेशन लागतं. कावेरीच्या फाट्यांमधला, भातशेतीचा मुलूख. हे गृहस्थ तंजावरी मराठी घरातले. व्यंकोजीराजांच्या मागोमाग तिकडे गेलेली आणि १८५५ साली राज्य संपल्यावरही तिथेच राहिलेली अशी कितीतरी घरं त्या भागात आहेत.

त्यांच्याकडे पेटीभर मोडी कागद आहेत. ते टिपून ठेवण्यासाठी त्यांनी रास्पबेरी पाय ३ हा पत्त्याच्या कॅटएवढा, सगळं काही एकाच पट्टीवर असलेला संगणक घेतला. त्याला कॅमेरा, कीबोर्ड, माऊस आणि एक पोर्टेबल हार्ड डिस्क जोडली. संगणकाला वीज द्यायला घरातला मोबाइलचा चार्जर. तीस-चाळीस पानं झाली की डिस्क टक्-टक् आवाज करून गायब होते, आणि एकदा तर अख्खा फोल्डर वाचता येईनासा झाला. कागदांना कसर लागलेली. एकदा उलगडलेलं पान पुन्हा उलगडायचं म्हणजे घडीवर तुकडा पडण्याची भीती. त्यांनी विचारलं, संगणक वाईट की डिस्क वाईट?

दोन्ही ठीक असावेत, असं मी कळवलं. पण का, हे सांगायचं तर तीस वर्षं मागे जावं लागतं.

१९९० च्या सुमाराचा संगणक ज्यांनी पाहिला आहे त्यांना त्याची पाठ आठवत असेल. कीबोर्डचं भोक वेगळं, माऊसचं वेगळं, प्रिंटरची बोटभर जाड केबल वेगळी. प्रत्येकाला विजेची सोयही आपापली. त्या काळचा सिरियल माऊस तर चक्क उसनवारीवर जगायचा: त्याच्या केबलमध्ये वीज पुरवणारी तारच नव्हती, म्हणून संदेशासाठी असलेल्या तारांमधूनच तो आपल्यापुरते थोडे मिलिअँपिअर काढून घ्यायचा.

हा गोंधळ संपवणाऱ्यांमध्ये एक नाव बडोद्याचं आहे, अजय भट्ट. शिक्षण महाराजा सयाजीराव विद्यापीठात. तिथल्या अभियांत्रिकी शाखेचं मूळ म्हणजे सयाजीराव गायकवाडांनी १८९० साली काढलेलं कलाभवन; दादासाहेब फाळकेही तिथलेच विद्यार्थी. जाता जाता एक गोष्ट सांगतो, कारण श्रोते तंजावरकडचे आहेत: सयाजीरावांची पहिली राणी चिमणाबाई, माहेरची लक्ष्मीबाई, ही तंजावरची. १८८० साली लग्न झालं आणि तिच्याबरोबर तंजावरच्या नर्तकी बडोद्याला आल्या. म्हणजे तंजावर-बडोदा ही वाट आपल्या लोकांना नवी नाही.

भट्ट १९९० मध्ये इंटेलमध्ये गेले. घरी प्रिंटर जोडताना होणारा त्रास पाहून ही कल्पना सुचली, असं त्यांनी मुलाखतींत सांगितलं आहे. अर्थात ते एकटे नव्हते. इंटेल, मायक्रोसॉफ्ट, आयबीएम, कॉम्पॅक, डेक, एनईसी आणि नॉर्टेल अशा सात कंपन्या एकत्र बसल्या आणि जानेवारी १९९६ मध्ये यूएसबीची पहिली नियमावली निघाली. इंटेलनं त्यावर रॉयल्टी घेतली नाही, हा माझ्या मते त्यातला सर्वांत दूरदृष्टीचा निर्णय.

या नियमावलीत माहितीच्या वेगाबद्दल बरंच लिहिलं आहे, ते आज सोडून देऊ. आपल्याला विजेचं कलम पाहायचं आहे. ते वाचताना मला तर थेट क्वार्टरमास्टरचं ऑफिस आठवतं. नवं उपकरण जोडलं की त्याला आधी १०० मिलिअँपिअर मिळणार, तेवढ्यात त्यानं आपली ओळख द्यायची. ओळख देताना ते इंडेंट टाकतं, मला जास्तीत जास्त इतकी वीज लागेल. हा आकडा दोन-दोन मिलिअँपिअरच्या मापात लिहायचा असतो; कागदावर २५० असेल तर मागणी ५०० ची. संगणकाला परवडलं तर मंजूर, नाही तर नामंजूर. ५०० ही कमाल. २००८ साली यूएसबी ३ आलं तेव्हा ती ९०० झाली.

कागदावर व्यवस्था चोख. प्रत्यक्षात इंडेंट तपासणारा जवळजवळ कुणी नव्हता. टेबलावरच्या संगणकात शेकडो वॅटचा वीजपुरवठा बसवलेला असे. एखादी डिस्क ५०० सांगून हजार ओढू लागली तरी त्याला फरक पडत नसे. मग यूएसबीवर चालणारे पंखे आले, दिवे आले, ज्यांनी इंडेंट तर सोडाच, ओळखही दिली नाही. सगळं खपून गेलं. भरल्या कोठारासमोर कुणी हिशेब मागत नाही. सवय मात्र लागली: भोक दिसलं की वीज आहे, असं धरून चालायची.

मी सैन्यात सिग्नल्समध्ये होतो, म्हणून एक तुलना केल्याशिवाय राहवत नाही. टेलिफोनमध्ये फार जुन्या काळापासून दोन पद्धती होत्या. शहरातल्या एक्स्चेंजमध्ये मोठी बॅटरी असायची आणि तिथून ४८ व्होल्ट घरोघरीच्या फोनला तारेवरून मिळायचे. ही सेंट्रल बॅटरी. आमचा फील्ड टेलिफोन मात्र आपले सेल पोटात घेऊन फिरायचा, कारण पुढच्या खंदकापर्यंत ओढलेल्या तारेवर मागून वीज पाठवण्याचा भरवसा नसे. ही लोकल बॅटरी. यूएसबी म्हणजे सेंट्रल बॅटरीच, फक्त एक अडचण वाढवून. एक्स्चेंजचे ४८ व्होल्ट होते, त्यातले दोन-चार वाटेत गळाले तरी बोलणं चालू राहायचं. इथे त्या काळच्या चिप पाच व्होल्टवर चालायच्या म्हणून यूएसबीलाही पाचच व्होल्ट मिळाले. पाचातला अर्धा गळाला तरी दहावा हिस्सा गेला.

आता रास्पबेरी पाय. केंब्रिजच्या एबेन अप्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांना प्रोग्रामिंग शिकता यावं म्हणून तो बनवला; २९ फेब्रुवारी २०१२ रोजी विक्रीला आला, किंमत ३५ डॉलर. या किमतीत वीजपुरवठा बसणार कुठून? म्हणून त्यांनी मोबाइलच्या चार्जरचं भोक ठेवलं. कल्पना चांगलीच होती, चार्जर घरोघरी होते. पण यूएसबीची भोकं आली आणि त्यांच्यामागचं कोठार आलं नाही. जी वीज संगणक स्वतः खाणार, त्यातूनच पाहुण्यांनाही वाढायचं.

ही ओढाताण त्या पट्टीच्या प्रत्येक आवृत्तीत दिसते. पहिल्या पट्टीवर प्रत्येक यूएसबी पोर्टला १४० मिलिअँपिअरचा आपोआप सावरणारा फ्यूज होता. कीबोर्ड-माऊसला ठीक, पण फ्यूजला स्वतःचा रोध असल्यामुळे थोडं भुकेलं उपकरण लावलं की त्याच्यापर्यंत पाच व्होल्ट पोचतच नसत. लोकांची वायफायची खुंटी चालेना. त्याच वर्षी ते फ्यूज काढून टाकले गेले. मग दुसरी तऱ्हा: चालू संगणकाला एखादं उपकरण खुपसलं की ते पहिल्या क्षणी एवढी वीज गिळायचं की संगणकच पुन्हा सुरू व्हायचा. जुलै २०१४ मध्ये बी प्लस आला. यूएसबीची भोकं दोनाची चार झाली, पण चारही मिळून ६०० मिलिअँपिअर, आणि सेटिंग बदललं तर १.२ अँपिअर. त्याच पट्टीवर एक पहारेकरीही बसला. व्होल्टेज ४.६३ च्या खाली गेलं की लाल दिवा विझतो, आणि पडदा जोडलेला असेल तर कोपऱ्यात विजेचं चिन्ह उमटतं.

आमच्या श्रोत्यांचा लाल दिवा लुकलुकत होता. त्यांना वाटत होतं, ती कामाची खूण आहे.

त्यांचा हिशेब मांडू. पोर्टेबल डिस्कची तबकडी थांबलेली असताना फिरवायला मोटरला एका अँपिअरपर्यंत वीज लागते. एकदा फिरू लागली की निम्म्यात भागतं. पण पानं टिपताना मधे वेळ गेला की डिस्क झोपते, आणि पुढच्या पानाला पुन्हा तो एक अँपिअर. त्यावर कॅमेरा, कीबोर्ड, आणि पायची स्वतःची भूक. दोन अँपिअर सहज. चार्जरवर दोन अँपिअर लिहिलेलंही होतं. घोळ केबलमध्ये होता. स्वस्त केबलमध्ये २८ गेजची तार असते. तिच्या एक मीटरला सुमारे ०.२१ ओहम रोध. वीज जाते आणि परतही येते, म्हणून एका मीटरच्या केबलचा रोध ०.४३ ओहम धरायचा. एक अँपिअर वाहिला की ०.४३ व्होल्ट वाटेतच संपले, पाचाचे ४.५७ झाले आणि लाल दिवा विझला. दोन अँपिअरला उरतात जेमतेम ४.१५.

कालव्यावरच्या शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही. हेडला पाणी पुरेपूर, टेलला चिखल. त्यांच्या कावेरीच्या कालव्यांवर आणि आपल्या नगर-सोलापुरात तक्रार एकच असते. टेलला होती ती डिस्क. लिहिता लिहिता तिची वीज पडायची, मोटर मंदावायची, लिहिणारी सुई जागेवर जायची, तोच टक्-टक् आवाज. अर्धवट लिहिलेल्या नोंदींनी फोल्डर बिघडला.

उपाय लोकल बॅटरीचा. डिस्कसाठी स्वतःचा अडॅप्टर असलेला हब घ्यायचा, म्हणजे डिस्कचं ओझं पायवरून उतरतं आणि पायकडून फक्त माहिती जाते. हब घेताना नियमावलीतला एक फरक लक्षात ठेवावा लागतो. अडॅप्टर नसलेला हब संगणकाकडून मिळालेले ५०० च वाटून देतो, प्रत्येक भोकाला १००. भोकं वाढतात, वीज वाढत नाही. आणि काही स्वस्त हब उलटे वागतात, आपली वीज वर संगणकाकडे ढकलतात. नियमावलीत याला बंदी आहे, पण बाजारात ते मिळतात. तपासणी सोपी: पायचा चार्जर काढा, हब चालू ठेवा. पायचा लाल दिवा लागला तर हब परत करा. त्यांचा पहिला हब असाच निघाला, दुसरा नीट. चार्जरऐवजी पायचाच अधिकृत पुरवठा घेतला. तो पाच नव्हे तर ५.१ व्होल्ट देतो आणि त्याची केबल जाड, कायमची जोडलेली आहे. वाटेत जे गळणार ते आधीच धरून दिलेलं आहे. बिघडलेल्या फोल्डरमधली बरीचशी पानं दुरुस्तीच्या प्रोग्रामनं परत मिळाली, अकरा पुन्हा उलगडावी लागली.

पुढच्या आवृत्त्यांनी भूक वाढवली आणि मग कोठारही. जून २०१९ मध्ये पाय ४ आला, ३ अँपिअरचा, यूएसबी-सी भोकाचा. त्यात एक गंमत झाली. यूएसबी-सीमध्ये ओळख पटवणाऱ्या दोन टोकांना स्वतंत्र रोधक लागतात. पायवाल्यांनी दोघांत एकच वापरला. साध्या केबलनं काम चाललं, पण ज्या भारी केबलमध्ये ओळखपत्राची चिप होती तिला हे उपकरण म्हणजे हेडफोनचा जोड वाटायचा, आणि चार्जर वीजच देईना. नंतरच्या पट्ट्यांत ते दुरुस्त झालं. म्हणजे १९९६ साली इंडेंट कुणी वाचत नव्हतं, आणि आता कारकून इतका काटेकोर झाला की एका रोधकावरून रसद अडली.

२०२३ च्या पाय ५ नं तर सरळ वाटाघाटी सुरू केल्या. चालू होताच तो पुरवठ्याला विचारतो, पाच व्होल्टवर पाच अँपिअर देशील का? होकार आला तर यूएसबीला १.६ अँपिअर मिळतात, नकार आला तर पुन्हा तेच ६००. लॅपटॉपचा ६५ वॅटचा चार्जर लावून काम भागेल असं अनेकांना वाटतं. तो चार्जर आपले वॅट २० व्होल्टवर देतो. पाच व्होल्टवर बहुतेक चार्जर तीन अँपिअरलाच थांबतात. त्यामुळे ६५ वॅटच्या चार्जरवरही पाय ५ ला १५ वॅट मिळतात, आणि त्याच्या स्वतःच्या २७ वॅटच्या छोट्या पुरवठ्यावर २५.