पंचांगात न सापडलेलं पुणे

माझ्या कपाटातल्या तिसऱ्या फळीवर तीन खोकी आहेत. त्यांत बालेवाडीच्या सामन्यांची तिकिटं आहेत, वर्तमानपत्रांची कात्रणं आहेत आणि पावसात भिजून वाळलेला एक केशरी स्कार्फ आहे. इतिहासाची पदवी माझ्याकडे नाही. नोकरी सांभाळून गेली पंचवीसएक वर्षं पुण्यातल्या मैदानी खेळांची कागदपत्रं गोळा करतो आहे. त्यामुळे फुटबॉलच्या व्हिडिओ गेमवर मी लिहितोय म्हटल्यावर ओळखीच्यांना गंमत वाटली. कारण साधं आहे. पुण्याच्या फुटबॉलची नोंद कुठेकुठे झाली हे शोधताना मी या गेमपर्यंत पोहोचलो, आणि तिथे नोंद झालेली नाही हे भाच्याने मला दाखवलं.

तो २०२१चा ऑक्टोबर होता. 'फिफा २२' नुकताच बाजारात आला होता आणि त्यात प्रथमच इंडियन सुपर लीग, म्हणजे आयएसएल, तिच्या अकराच्या अकरा संघांसह घेतली होती. बारावीतला भाचा टीव्हीसमोर मांडी घालून यादी खालीवर करत होता. "मामा, गोवा आहे, मुंबई आहे, जमशेदपूरसुद्धा आहे. आपलं कुठंय रे?"

मी म्हटलं, "हैदराबाद दिसतंय ना? ते आपलं."

त्याला ते कळलं नाही. कळावं कसं?

आधी या मालिकेविषयी थोडं. इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या कंपनीने पहिला 'फिफा' काढला तो डिसेंबर १९९३मध्ये. त्यात फक्त देशांचे संघ होते आणि खेळाडूंची नावं बनावट होती. खरी नावं आली ती १९९५मध्ये आलेल्या 'फिफा ९६'मध्ये. तिथून दरवर्षी एक आवृत्ती हा नेम झाला. भारत जेमतेम माहीत असलेल्या लोकांनी केलेल्या या गेममध्ये भारताचा संघ घेऊन मला पहिल्यांदा खेळता आलं ते 'फिफा ९८'मध्ये, कारण विश्वचषकाच्या पात्रता फेरीतले देश त्या वर्षी सरसकट घेतले होते. कॅफेवाला तासाचे पैसे मोजून घ्यायचा. मी भारताला ब्राझीलशी भिडवायचो आणि सडकून हरायचो.

मालिकेचं नाव तीस वर्षं 'फिफा' होतं. मग जागतिक संघटना आणि कंपनी यांचा करार तुटला, 'फिफा २३' शेवटचा ठरला आणि २०२३पासून तोच गेम 'ईए स्पोर्ट्स एफसी' या नावाने येतो. नाव बदललं तरी नेम मोडला नाही. दरवर्षी सप्टेंबरच्या अखेरीला नवं बाड येतं. आपल्याकडे असं वार्षिक दोनच गोष्टींचं असतं, पंचांगाचं आणि दिवाळी अंकाचं. पंचांगात गणित तेच असतं, तिथी नव्या असतात. या गेमचंही तसंच आहे. चेंडू तोच, पण कोण कुठल्या संघात गेला, कोण वर चढला, कोण निवृत्त झाला हे नव्याने मांडलेलं असतं. म्हणूनच मला तो खेळापेक्षा दप्तर म्हणून मोलाचा वाटतो. एखाद्या क्लबाने २०१६ साली कुणाला खेळवलं, त्याचा गणवेश कसा होता हे वीस वर्षांनी पाहायचं, तर त्या वर्षीची डिस्क लावता येईल.

आता पुणे. २००७मध्ये पुणे एफसी स्थापन झाला, अशोक पिरामल उद्योगसमूहाचा. त्याचं टोपणनाव 'रेड लिझर्ड्स'. आम्ही 'लाल पाली' म्हणायचो. २०१२-१३च्या आय-लीगमध्ये हा संघ चर्चिल ब्रदर्सच्या मागोमाग दुसरा आला. २०१४मध्ये आयएसएल सुरू झाली आणि एफसी पुणे सिटी आला. त्याचं इटलीच्या फिओरेंटिनाशी सहकार्य होतं आणि आघाडीला दाविद त्रेझेगे. त्याच हंगामात आय-लीगमध्ये भारत एफसी उतरला, कल्याणी समूहाचा. म्हणजे २०१४-१५मध्ये देशातल्या वरच्या दर्जाच्या दोन स्पर्धांत मिळून पुण्याचे तीन क्लब होते. हे वाक्य मी प्रत्येक व्याख्यानात सांगतो आणि प्रत्येक वेळी कुणीतरी "खरंच?" म्हणून विचारतं.

भारत एफसी एका हंगामात तळाला राहून संपला. पुणे एफसीही २०१५मध्येच संपला. डीएसके शिवाजियन्स आला, २०१७पर्यंत खेळला आणि गेला. उरला एफसी पुणे सिटी. २०१७-१८मध्ये मार्सेलिन्यो आणि अल्फारो या जोडीने त्याला उपान्त्य फेरीत नेलं. मार्च २०१८मधला बालेवाडीचा तो सामना मी पाहिला. बंगळुरूशी शून्य-शून्य बरोबरी. परतीच्या सामन्यात सुनील छेत्रीने तीन गोल केले आणि विषय संपला. २०१९मध्ये क्लबच गुंडाळला गेला. त्याची लीगमधली जागा नव्या मालकांनी घेतली आणि संघ हैदराबादचा झाला.

दोन वर्षांनी 'फिफा २२'मध्ये आयएसएल आली. पुण्याची गाडी हुकली ती दोन वर्षांनी. ज्या हंगामाची ती आवृत्ती, त्याच हंगामात, मार्च २०२२मध्ये, हैदराबादने लीग जिंकली. पुणेकर म्हणून मला आनंद व्हावा की वाईट वाटावं हे अजून ठरलेलं नाही.

त्रेझेगेचं प्रकरण तर आणखी गमतीचं. फ्रान्सच्या १९९८च्या विश्वविजेत्या संघातला हा माणूस या मालिकेत 'आयकॉन', म्हणजे दंतकथा झालेला खेळाडू म्हणून येऊन गेला. त्याचा युव्हेंटसचा काळ त्यात झळकतो. बालेवाडीतले आठवडे कुठेच नाहीत. माझ्या खोक्यात मात्र त्याच्या नावाचं कात्रण आहे.

दप्तर म्हटलं की ते कुणी आणि कशासाठी ठेवलं हे विचारावं लागतं. १८८५चं पूना गॅझेटियर उघडा. राज्य चालवायला उपयोगी ते त्यात बारकाईने आहे. राज्यकर्त्यांना ज्याच्याशी कर्तव्य नव्हतं ते ओझरतं आहे. या गेमचं दप्तर परवान्याचं आहे. ज्या लीगशी करार झाला ती आली, तिच्यातले क्लब आले. ज्यांची लीग करारात नाही, ते कितीही वर्षं मैदानावर असोत, त्यांना सहसा पान नाही. आय-लीगच्या काळातलं पुणे एफसीचं दुसरं स्थान म्हणूनच या पंचांगात कधी उमटलं नाही.

मी हा लेख लिहिला तेव्हा 'एफसी २५' ही अखेरची आवृत्ती होती, सप्टेंबर २०२४ची. अंक तुमच्या हाती पडेल तोवर पुढची आलेली असेल. भाच्याच्या देखरेखीखाली मी ती महिनाभर खेळलो. त्यात पाच-पाच जणांचा 'रश' हा प्रकार नवा आहे आणि तोच सर्वांत चांगला आहे. मैदान लहान, प्रत्येकाने एकेक खेळाडू सांभाळायचा, लाल कार्डाऐवजी निळं कार्ड आणि मिनिटभर बाहेर. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये संध्याकाळी चालतो त्या खेळाची लय त्यात आहे. खेळाडूंना मैदानावर नेमक्या भूमिका देणारी नवी रचनाही चांगली, पण माझ्यासारख्याला तिची परिभाषा पाठ करायलाच आठवडा लागला. स्त्रियांच्या संघांची कारकीर्द आता चालवता येते. हे फार आधी व्हायला हवं होतं. समालोचन तेच ते. आणि 'अल्टिमेट टीम'मधली पैसे भरून पाकिटं फोडण्याची सोय मला मटक्याच्या जवळची वाटते. बेल्जियमने २०१८मध्ये तिला जुगारच ठरवलं आणि २०१९च्या सुरुवातीला कंपनीने तिथे हे गुण विकणं थांबवलं. गतवर्षीचा गेम घरात असेल तर हा घ्यावा का? दोघंतिघं मिळून खेळणार असाल तर 'रश'साठी घ्या. एकट्याने खेळणाऱ्याने पैसे वाचवावेत.

या आवृत्तीतही आयएसएल आहे. इकडे खरी आयएसएल जुलै २०२५मध्ये आयोजकांनी थांबवून ठेवली, कारण महासंघाशी असलेल्या कराराची मुदत त्या डिसेंबरात संपत होती आणि पुढचं ठरलेलं नव्हतं. काही क्लबांनी खेळाडूंचे पगार थांबवले. पुण्याने जे चारदा पाहिलं ते तेव्हा अख्ख्या लीगच्या दारात आलं होतं. पडद्यावर मात्र हंगाम ठरल्या वेळी सुरू होतो, सगळे संघ हजर असतात.

'फिफा २२'मध्ये आणखी एक सोय आली होती, स्वतःचा क्लब तयार करायची. एखादा क्लब काढून त्याच्या जागी आपला बसवायचा. त्या दिवाळीच्या सुट्टीत भाच्याने विचारलं, "मामा, कुणाला काढू?"

"हैदराबादला."

त्याने काढलं. नाव 'पुणे' टाइप केलं. मग गणवेशाच्या रंगाचं पान आलं. "केशरी की लाल?"

मी उठून कपाटातलं पहिलं खोकं खाली काढलं. आधी लाल पालींची कात्रणं दाखवली, मग स्कार्फ. तो दोन्हींकडे बघत राहिला. शेवटी घरच्या मैदानावर लाल आणि बाहेर केशरी असं ठरलं. पहिला सामना आम्ही मुंबईविरुद्ध तीन-एक हरलो. तो डाव त्याच्या जुन्या यंत्रात अजून साठवलेला आहे. यंत्र आता चालू व्हायला वेळ घेतं. ते पूर्ण बंद पडायच्या आत त्या तक्त्याचा फोटो काढून चौथ्या खोक्यात ठेवायचा आहे.