फ्रूटलँडच्या दोन भावांची गाणी

इतिहास म्हटला की लढाया, तह आणि सनावळ्या आपल्या डोळ्यांसमोर उभ्या राहतात. घरोघरी घडलेला इतिहास मात्र बहुधा माळ्यावरच्या पेटीत पडून राहतो आणि एके दिवशी भंगारात जातो. अशा पेटीतील ठेवा योग्य माणसाच्या हाती लागला तर काय घडते, याची एक हकिकत आम्ही येथे वाचकांपुढे ठेवीत आहोत. ती अमेरिकेतील एका शेतकरी कुटुंबाची आहे.

वॉशिंग्टन राज्याच्या पूर्व भागात फ्रूटलँड नावाची लहानशी वस्ती आहे. स्पोकेन हे जवळचे मोठे शहर तेथून सुमारे शंभर किलोमीटर दूर. या वस्तीत डॉन एमर्सन यांची सुमारे १,६०० एकर जमीन होती. १९७०च्या दशकात त्यांनी एक नवा ट्रॅक्टर घेतला. त्यात रेडिओ बसविलेला होता. नांगरणी करता करता डॉनी आणि ज्यो हे त्यांचे मुलगे रेडिओवरील रॉक आणि सोल संगीत ऐकू लागले. धाकटा डॉनी स्वतः गाणी रचू लागला. ज्यो ड्रम वाजवू लागला.

मुलांचा ध्यास पाहून वडिलांनी जे केले ते आजही थक्क करणारे आहे. जमीन गहाण टाकून त्यांनी सुमारे एक लाख डॉलर उभे केले आणि शेतावरच ध्वनिमुद्रणाचा स्टुडिओ बांधून दिला. इतरांची गाणी गाऊ नका, आपलीच रचा, एवढाच त्यांचा आग्रह होता. १९७९ साली भावांनी ‘ड्रीमिन वाइल्ड’ ही ध्वनिमुद्रिका स्वखर्चाने काढली. डॉनी तेव्हा सतरा वर्षांचा होता. मुखपृष्ठावर पांढऱ्या पोशाखातील दोघे भाऊ मोठ्या आत्मविश्वासाने उभे आहेत. परंतु ध्वनिमुद्रिका काढणे वेगळे आणि ती दुकानांत व नभोवाणीवर पोहोचविणे वेगळे. त्यासाठी लागणारी यंत्रणा या कुटुंबापाशी नव्हती. प्रती तशाच पडून राहिल्या.

कर्ज मात्र पडून राहत नाही. १९८०-८१च्या सुमारास अमेरिकेत व्याजाचे दर वीस टक्क्यांच्याही वर गेले होते आणि कर्जबाजारी शेतकऱ्यांसाठी तो काळ कठीण होता. एमर्सन कुटुंबाची जमीन विकली जात राहिली. अखेर १,६०० एकरांपैकी अवघे ६५ एकर त्यांच्या हाती उरले. डॉनीने पुढे लॉस एंजेलिसमध्ये नशीब आजमावून पाहिले, पण तेथेही यश आले नाही. ज्यो शेतावरच राहिला.

सुमारे तीस वर्षे लोटली. २००८ साली जॅक फ्लायशर या संग्राहकाला स्पोकेनमधील जुन्या वस्तूंच्या दुकानात ही ध्वनिमुद्रिका सापडली. पाच डॉलरांना घेतलेली ती तबकडी त्याने ऐकली, इतरांना ऐकविली आणि तिची कीर्ती कर्णोपकर्णी पसरत गेली. विस्मृतीत गेलेले संगीत पुन्हा प्रकाशित करणाऱ्या सिअॅटलच्या ‘लाइट इन द अॅटिक’ या संस्थेने २०१२ साली ती नव्याने काढली. त्याच वर्षी एरिअल पिंक या गायकाने तिच्यातील ‘बेबी’ हे गीत गायिले आणि ते असंख्य श्रोत्यांपर्यंत गेले. २०२२ साली या कुटुंबावर निघालेला चित्रपट व्हेनिसच्या महोत्सवात दाखविण्यात आला.

ही गोष्ट उशिरा मिळालेल्या यशाची म्हणून सांगितली जाते. आम्हांला तेवढ्याने समाधान होत नाही. गेलेली जमीन काही परत आली नाही, आणि ती तबकडी त्या दुकानात आणखी काही वर्षे धूळ खात राहिली असती, तर वडिलांचा त्याग वाया गेला असेच जगाने म्हटले असते. मग एखाद्या त्यागाचे मोल एका अनोळखी गिऱ्हाइकाच्या पाच डॉलरांवर ठरावे काय? मुलाखती घेणाऱ्यांशी बोलताना त्या वृद्ध पित्याने पश्चात्ताप दाखविला नाही. जमिनीचे ओझे मनावर बाळगले ते डॉनीने.

याचे उत्तर आम्हांला २०१४ साली निघालेल्या दुसऱ्या संचात सापडते. त्यात १९७९ ते १९८१ या काळातील, पूर्वी कधीच प्रसिद्ध न झालेली गाणी आहेत. म्हणजे पहिल्या ध्वनिमुद्रिकेकडे कोणी ढुंकूनही पाहिले नाही, तरी दोघे भाऊ शेतावरच्या स्टुडिओत जाऊन गातच राहिले होते. बाहेर श्रोता नव्हता. ज्याने स्टुडिओ बांधून दिला तो एक श्रोता मात्र घरातच होता. जगाने ती गाणी ऐकण्याच्या कितीतरी आधी एका घरात ती ऐकली गेली होती, आणि इतिहासाने नोंद घ्यावी अशी गोष्ट आमच्या मते तीच आहे.

आपल्याही घरांत आजोबांच्या भजनांच्या वह्या, लग्नगीतांच्या कॅसेटी, जुनी छायाचित्रे असतील. पेटी भंगारात देण्यापूर्वी, वाचकहो, ती एकदा उघडून पाहा.